सत्ताविसाव्या प्रश्नाचं उत्तर

बावीस वर्षांत त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. रंगाच्या कारखान्यात, तळमजल्याच्या अगदी टोकाला, एक बिनखिडकीची खोली होती. कारखान्याचे सर्व्हर त्या खोलीत आणि सर्व्हरबरोबर ते. म्हणून ते खोलीवाले. पगारपत्रकावर 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' असं लांबलचक लिहिलेलं असायचं, पण एवढं लांबलचक बोलायला वेळ कोणाला असतो?

खोली थंड असायची. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत अंगात स्वेटर आणि पायात दोन-दोन मोजे. यंत्रांची घरघर दिवसभर चालू. कुठला पंखा खोकतोय, कुठली डिस्क कण्हतेय, हे खोलीवाल्यांना दारातूनच कळायचं. आईला पाळण्यातलं रडणं कळावं तसं. यंत्रांचा कारभार सुरळीत असला की खोलीची आठवण कोणाला यायची नाही, आणि बिघडला की सगळ्यांना एकदम यायची. म्हणजे ज्या दिवशी ते काम चांगलं करायचे त्या दिवशी ते कोणालाच दिसायचे नाहीत. असे दिवस बावीस वर्षांत पुष्कळ झाले.

माणसांशी बोलणं व्हायचं ते फोनवर. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वैतागून सांगायचं की पडदा काळा झालाय. हे शांतपणे म्हणायचे, "बंद करा. दहापर्यंत मोजा. आता चालू करा." पलीकडे चालू झालं की फोन खाली. 'झालं का' हे शब्द खोलीवाल्यांच्या तोंडातच राहायचे. त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही. फोनला तोंड नसतं, हे त्यांना आवडायचं.

मुलाखत म्हणून त्यांनी आयुष्यात एकच दिली होती. ते कारखान्यात आले होते वायरमन म्हणून. पहिलं यंत्र तीन लाकडी खोक्यांतून आलं, त्याच्याबरोबर विटेएवढी जाड पुस्तकं आली. पुस्तकं उघडून बघणारा सगळ्या कारखान्यात हा एकटा वायरमन निघाला. मॅनेजरांनी विचारलं, "जमेल का?" ते म्हणाले, "बघतो." झाली मुलाखत.

मग एक दिवस वरून ठरलं की यंत्रं आता दूर कुठेतरी, दुसऱ्यांच्या जागेत राहतील आणि सगळं काम तारेवरून होईल. खोलीची गरज उरली नाही, मग खोलीवाल्यांची तरी कशी उरावी? शेवटच्या दिवशी त्यांनी एकेक यंत्र बंद केलं. शेवटचा पंखा थांबला तेव्हा खोलीत जी शांतता पडली ती त्यांनी पूर्वी कधीच ऐकली नव्हती. ती शांतता त्यांच्याबरोबर घरीही आली.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लग्न जमता जमता राहिलं होतं, पुढे राहूनच गेलं. सख्खं माणूस म्हणजे दुसऱ्या गावातली ताई. तिचा फोन रविवारी यायचा आणि चार मिनिटांत आटपायचा. नोकरी गेल्यावर मात्र ती दहा मिनिटं बोलली. एका मोठ्या इस्पितळाला सर्व्हर सांभाळायला माणूस हवाय, अशी जाहिरात तिच्या मुलाने शोधून काढली होती.

"पण तिथे मुलाखत असते," ताई म्हणाली. "आणि तू म्हणजे तोंडात मूग धरून बसणारा. पन्नाशी उलटली तरी तुझं तोंड उघडायला पक्कड लागते."

खोलीवाले म्हणाले, "बघतो."

"हे बघतो-बिघतो तिथे चालायचं नाही. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. सराव कर. भाचा म्हणतो, हल्ली खोटी मुलाखत घेऊन सराव करतात."

भाच्याने अर्ज भरून दिला, चाळीस प्रश्नांची यादी पाठवली आणि मी स्वतः तुमची मुलाखत घेईन, मामा, असंही कळवलं. पहिल्या वेळी त्याला मीटिंग आली, दुसऱ्या वेळी पाहुणे आले. तिसऱ्या वेळी मामांनीच विचारलं नाही.

त्यांनी वहीत चाळीस उत्तरं लिहिली. अक्षर मोत्यासारखं, प्रत्येक उत्तराखाली रेघ. दहाच्या ठोक्याला ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. समोर रिकामी खुर्ची. स्वतःच प्रश्न वाचायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. प्रश्न विचारणारा आवाज जरा जाड काढायचे, नाहीतर कोण कोणाला विचारतंय तेच कळेना. पहिलाच प्रश्न होता, स्वतःबद्दल थोडं सांगा. त्याचं उत्तर वहीत दीड ओळीचं होतं आणि ते रोज बदलत होतं.

आठव्या दिवशी फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणून त्यांना नवल वाटलं.

"वरचे ना?" एका बाईंचा आवाज आला. प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. "मी तुमच्या खालची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काल वेगळं होतं. कालचं बरं होतं."

खोलीवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खाली राहणाऱ्या ऑपरेटरबाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं त्यांनी नंबर जोडून दिले होते. आता सत्तरीला आल्या होत्या, एकट्याच होत्या. अकरा वर्षं दोघं एका जिन्याने चढउतर करत होती आणि अकरा वर्षांत 'पाणी आलं का' याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. यांचा फोन नंबर बाईंनी जिन्याखालच्या यादीवरून घेतला होता.

"त्रास झाला असेल तर हळू बोलतो," खोलीवाले म्हणाले.

"त्रास कसला? आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, ही काय मुलाखत झाली? आपलीच पाठ आपण थोपटावी तसं. प्रश्नांचा कागद माझ्या दाराच्या फटीतून टाका. उद्या दहाला मी फोन करते."

मुलाखतीची पहिली फेरी फोनवरच होणार होती, त्यामुळे खोलीवाल्यांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर कोणीतरी कालचं आणि आजचं उत्तर ताडून पाहत होतं, याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं होतं की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला खाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाईंच्या खुर्चीच्या पायांची रबरं गेली होती, ती फरशीवर खर्रकन ओरडायची. हा आवाज खोलीवाले अकरा वर्षं ऐकत होते; खुर्ची कशाकडे ओढली जाते ते त्यांना आज कळलं. लगेच फोन वाजला.

"बोला," बाई म्हणाल्या. "प्रश्न पहिला. स्वतःबद्दल थोडं सांगा."

"माझं काय आहे त्यात सांगण्यासारखं?"

"हे उत्तर लिहून ठेवलंय का आत्ता सुचलं?"

"आत्ता सुचलं."

"मग राहू द्या. प्रश्न दुसरा."

असं सुरू झालं. बाईंना सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. एकदा शंभर माणसांचं काम एकदम अडलं तर आधी काय तपासाल, या प्रश्नाला खोलीवाल्यांनी सलग सहा मिनिटं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, "मला ओ की ठो कळलं नाही. पण चौथ्या मिनिटाला तुमचा आवाज खाली बसला. तिथे तुम्हाला नक्की माहीत नाहीये." खोलीवाल्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. खरंच तिथेच चूक होती. चौतीस वर्षं चेहरे न बघता माणसं ऐकली की कान असा होतो. तारेवरून कोण खरं बोलतंय, कोण रडून आलंय, कोणाच्या शेजारी कोण उभं आहे, सगळं त्यांना ऐकू यायचं.

दोन आठवड्यांत सव्वीस प्रश्न झाले. खोलीवाल्यांच्या जिभेवरचा गंज हळूहळू निघत होता. नऊ वाजल्यापासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे असायचं. तासाभराने फोन ठेवला की मात्र दिवस पुन्हा तसाच पुढ्यात पडायचा, लांब आणि रिकामा. खाली बाईंचाही तसाच पडत असेल का, हे त्यांच्या मनात आलं नाही.

मग सत्ताविसावा प्रश्न आला. तुमच्या हातून कामात झालेली सर्वांत मोठी चूक सांगा.

उत्तर तयार होतं. नवीन असताना एकदा चुकीची वायर उपसली, कारखाना दहा मिनिटं थांबला, तेव्हापासून प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावतो. छोटी, गोंडस चूक, शेवटी बोधही. भाच्याने तसंच सांगितलं होतं, चूक अशी निवडावी की तिच्यातून आपला गुणच दिसावा.



"ही झाली असेल," बाई म्हणाल्या. "पण हिच्यासाठी कोणी एवढा श्वास रोखून धरत नाही. दुसरी आहे. ती सांगा."

"दुसरी नाही."

"खाई त्याला खवखवे, वरचे. मला इथपर्यंत ऐकू येतंय."

खोलीवाल्यांनी फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून फोन ठेवला होता.

तीन दिवस फोन आला नाही. पण तिन्ही दिवस दहाच्या ठोक्याला खाली खुर्ची खर्रकन ओढली गेली. नंतर काहीच नाही. बाई फोनजवळ बसून होत्या आणि फोन करत नव्हत्या. वर खोलीवाले इस्त्रीचा शर्ट घालून बसून होते आणि तेही करत नव्हते. मधे एक फरशी. इस्पितळाच्या फोनला आता आठच दिवस उरले होते. ही नोकरी हुकली तर या वयात दुसरी कोण देणार, हे त्यांना कळत होतं. आणि वायरीचं ते उत्तर आवाजाला जमणार नाही, हेही कळत होतं. बाईंनी पकडलं ते तिथलं कोणीतरी पकडेलच.

चौथ्या दिवशी खुर्ची वाजली तेव्हा खोलीवाल्यांनी नंबर फिरवला.

"बोला," बाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. आधी अडखळत, मग नीट, एका ओळीत.

कारखान्यात एक रंगमास्तर होते. ओला रंग दोन बोटांत चोळून त्यात काळा किती पडलाय ते सांगणारा माणूस. प्रत्येक छटेचं माप त्यांच्या डोक्यात. ते यंत्रात घालायचं म्हणून रंगमास्तर दर शनिवारी खोलीत यायचे, थंडीने कुडकुडत स्टुलावर बसायचे आणि आकडे सांगायचे. खोलीवाले टाइप करायचे. खोलीत कोणी पाहुणा म्हणून येत असेल तर हा एकटाच. उठताना ते न चुकता विचारायचे, "घेतलं का रे आत?" हे सांगायचे, "घेतलं." शेवटच्या वर्षी त्यांची नजर जायला लागली, म्हणून रोजच येऊन उरलेल्या छटा त्यांनी घाईने सांगून टाकल्या आणि ते घरी बसले.

यंत्रातल्या मजकुराची एक प्रत रोज टेपवर घ्यायची, हे खोलीवाल्यांचं काम. बॅकअप म्हणतात त्याला. संध्याकाळी टेप घालायची, सकाळी काढायची, रजिस्टरात 'घेतला' असं लिहून सही करायची. दिवा हिरवा लागायचा. एकही दिवस चुकला नाही. फक्त त्या टेपवर खरंच काही उतरलंय का, हे त्यांनी कधी परत आणून पाहिलं नाही. कशाला पाहायचं, दिवा हिरवा होता.

रंगमास्तर घरी बसल्यावर दोन महिन्यांनी डिस्क गेली. खोलीवाल्यांनी टेप लावली. कोरी. त्याच्या आदल्या दिवसाची लावली. कोरी. आठ महिन्यांच्या टेपा कोऱ्या निघाल्या. आडातच नव्हतं, पोहऱ्यात येणार कुठून?

"मी मॅनेजरांना सांगितलं, डिस्क जुनी होती, नवी कधीपासून मागत होतो," खोलीवाले म्हणाले. "ते खरंच होतं. टेपांचं कोणी विचारलं नाही. टेपा असतात हे कोणाला माहीत नव्हतं."

रंगमास्तरांना परत बोलावलं. लेक त्यांना हाताला धरून घेऊन आली. चौदा दिवस ते डबे हुंगत, रंग चोळत बसले. त्या आठ महिन्यांत यंत्रात घातलेल्या एकशे तेरापैकी एकशे बारा छटा त्यांनी पुन्हा काढल्या. एक निघाली नाही. करडी होती, पाटी पाण्याने धुतली की सुकता सुकता एक रंग येतो, तसली. ती त्यांची सगळ्यांत लाडकी होती. तीन दिवस तिच्या मागे होते, मग म्हणाले, आता दिसत नाही मला. जाताना स्टुलावरून उठले, चाचपडत खोलीवाल्यांचा खांदा शोधला आणि म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? तू मनाला लावून घेऊ नको."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काही नाही. मी गप्प बसलो. त्यांच्या घरी जायचं रोज ठरवायचो. दोन वर्षांनी कारखान्याच्या फाटकावर त्यांच्या जाण्याची सूचना लागली. त्यांच्या दारी गर्दीत उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हापासून दर सोमवारी दहा वाजता एक फाइल टेपवरून परत आणून बघतो. बघायचो. रजिस्टरात 'घेतला' असं पुन्हा कधी लिहिलं नाही."

 खोलीवाल्यांना वाटलं, बाईंनी फोन ठेवला. मग कागद उलटल्याची सळसळ ऐकू आली.

"प्रश्न अठ्ठाविसावा," बाई म्हणाल्या. "फावल्या वेळात काय करता?"

खोलीवाले हसले. फोन तोंडापासून लांब धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी उरलं ते नुसतं पाणीच.

मग त्यांनी विचारलं की हे तिथे सांगायचं की नाही? नोकरी मागायला जायचं आणि हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

"ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मी नंबर जोडून देते. बोलायचं ज्याचं त्याने."

इस्पितळाचा फोन आला आणि पार पडला. वायरींचे, यंत्रांचे प्रश्न होते, चुकांचा नव्हता. खोलीवाल्यांची जीभ लोण्यातून सुरी जावी तशी चालली. दुसरी फेरी समोरासमोर, असं इस्पितळाने कळवलं, आणि इथेच पंचाईत झाली.

समोरासमोरचा सराव म्हणून ते एक जिना उतरून बाईंच्या घरी गेले. एक टेबल, लांब वायरीचा फोन, ती ओरडणारी खुर्ची आणि भिंतीशी अंथरूण. बाईंनी चहा केला. दोघं समोरासमोर बसली. बाई आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच लहानखुऱ्या होत्या, आणि त्यांचा एक हात सारखा थरथरत होता, जो फोनवर ऐकू आला नव्हता.

"प्रश्न पहिला," बाई म्हणाल्या आणि लाजल्या. त्यांनीही जन्मात कोणाला तोंडावर काही विचारलं नव्हतं. खोलीवाल्यांनी तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. दोघांनी चहा संपवला. एक ऊन-पावसाचं वाक्य बाईंनी बोलून पाहिलं, एक यांनी. मग खोलीवाले उठून वर आले आणि त्यांनी फोन लावला. फोनवर पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरं न थांबता झाली.

"पण तिथे तोंडं असणार," बाई म्हणाल्या. "तोंडांचं मला काही येत नाही हो."

मुलाखतीच्या दिवशी ते पहाटेच्या गाडीने निघाले आणि अकराला इस्पितळात पोचले. लांब बोळ, औषधाचा वास, बाकांवर आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते: मोठ्या डॉक्टरीणबाई, कचेरीचे साहेब आणि सर्व्हर विभागाचा प्रमुख, जो खोलीवाल्यांच्या निम्म्या वयाचा होता. सहा डोळे. 

टेबलाच्या मधोमध एक काळा फोन होता.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," कचेरीचे साहेब म्हणाले.

खोलीवाल्यांनी फोनकडे पाहिलं आणि फोनला सांगायला सुरुवात केली. तीन लाकडी खोकी, विटेएवढी पुस्तकं, बिनखिडकीची खोली, दोन-दोन मोजे. प्रश्न डावीकडून आला तरी उत्तर फोनला, उजवीकडून आला तरी फोनला. पाचव्या प्रश्नानंतर तरुण प्रमुखाला राहवलं नाही. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला, कोणी ऐकत तर नाही ना ते बघितलं आणि खाली ठेवला.

"फोनवर कोणी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," खोलीवाले म्हणाले. "सवय आहे."

कचेरीचे साहेब हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात लांब करून फोन उचलला आणि आपल्या पुढ्यात, अगदी जवळ ठेवला. आता फोनकडे बघायचं तर त्यांच्याकडेच बघावं लागत होतं.

"तुमच्या हातून झालेली मोठी चूक सांगा," त्या म्हणाल्या.

वायरीची गोष्ट तोंडापर्यंत आली होती. भाचा आठवला, ताई आठवली. मग खांद्यावरचा तो चाचपडता हात आठवला. खोलीवाल्यांनी फोनकडे बघत टेपांपासून सुरुवात केली. करड्या छटेपर्यंत आले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण फोनकडे नाही, डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघून बोलतोय. थांबता आलं नाही.

"किती महिन्यांच्या टेपा?" तरुण प्रमुखाने विचारलं.

"आठ."

"कळलं कोणाला?"

"कारखान्यात कोणाला नाही. मागच्या पंधरवड्यात एका बाईंना सांगितलं. आज तुम्हाला."

कचेरीच्या साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं; ते चांगलं नव्हतं हे उलटं वाचतानाही कळत होतं. डॉक्टरीणबाई प्रमुखाकडे वळल्या. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आपला बॅकअप शेवटचा कधी परत आणून पाहिला?"

प्रमुख पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिला. "घेतो आपण रोज," तो म्हणाला. "दिवा हिरवाच असतो." आणि त्याचे कान लाल झाले.

नेमणुकीचं पत्र दहा दिवसांनी आलं. ताईने फोनवर दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, बघ, माझ्या भावाला तोंड आहे. इस्पितळाच्या आवारातच राहायला एक खोली मिळणार होती. म्हणजे हे घर सोडायचं होतं.

बाईंना सांगायला ते खाली गेले नाहीत, फोन केला. बाई म्हणाल्या, "चला, लाइन मोकळी झाली." आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता. त्यांच्यासारखा कान खोलीवाल्यांना असता तर त्यात आणखी काही ऐकू आलं असतं का, कोण जाणे. निघताना त्यांनी बॅगा खालच्या मजल्यावर थोडा वेळ टेकवल्या. दार लोटलेलं होतं. आतून खुर्चीचा आवाज आला नाही. त्यांनी बॅगा उचलल्या.

नवी खोलीही थंड होती, बिनखिडकीची होती. नवे पंखे, नवी घरघर. ओळख व्हायला वेळ लागणार होता. तरुण प्रमुख आदबीने वागायचा, पण त्याची बसायची जागा वर होती. जेवणाच्या सुट्टीत खोलीवाले बोळातल्या बाकावर बसायचे, तेव्हा लोक त्यांना पेशंट समजून कोणाला दाखवायचंय म्हणून विचारायचे.

पहिला सोमवार आला. दहा वाजता त्यांनी बॅकअपमधून एक फाइल परत मागवली. पडद्यावर ती ओळ ओळ उतरत गेली, पूर्ण. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'परत आणून पाहिला'. मान वर केली तर घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती. खाली खुर्ची वाजायला हवी होती. खाली इथे जमीन होती.

त्यांनी नंबर फिरवला.

"बोला," बाई म्हणाल्या. कोण बोलतंय ते विचारलं नाही. "वर अजून कोणी राहायला आलं नाही. शांत आहे."

"हात कसा आहे?"

"आहे तसाच."

 चाळीसही प्रश्न संपले होते. खोलीवाल्यांच्या ध्यानात आलं, आणि आलं ते काळजात रुतूनच आलं, की महिनाभर रोज तासभर आपण या बाईंशी बोललो आणि या बाईंबद्दल आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. त्या कोणाच्या कोण, चौतीस वर्षांनी घरी आल्या तेव्हा दार कोणी उघडलं, यातलं आपण काही विचारलंच नाही. रोज घेतलं, पण परत काही दिलं नाही.

त्यांनी घसा साफ केला.

"प्रश्न पहिला," ते म्हणाले. "स्वतःबद्दल थोडं सांगा."



"माझं काय आहे त्यात सांगण्यासारखं?" बाई म्हणाल्या. "नंबर जोडून दिले."

 बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू होत असताना त्याला हात लावायचा नसतो, नुसतं जवळ थांबायचं असतं, एवढं खोलीवाल्यांना बावीस वर्षांत कळलं होतं. ते रिसीव्हर कानाशी धरून थांबले. घरघर चालू होती.

मग तारेवरून, लांबून, फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.